नाना टिपणिसांचा विनंतीचा घाट

माझे मेहुणे गोपाळकृष्ण टिपणीस, म्हणजे सगळ्या कर्जतचे नाना, यांना इंग्रजीत विनवण्या करायचे इतके शब्द येत होते, की तेवढ्यांना पुरेल एवढं दुःख आमच्या तालुक्यात नव्हतं. पण नाना दुःख कमी पडू देत नसत. साध्या माणसाचं साधं गाऱ्हाणं घ्यायचं, त्याला फुगवून फुगवून डोंगराएवढं करायचं आणि कागदावर उतरवायचं, हाच त्यांचा धंदा. मामलेदार कचेरीच्या आवारात चिंचेखाली त्यांची बैठक असे. एक सतरंजी, एक उतरतं मेज, दौत, टाक आणि मांडीला चिकटून ते पुस्तक.

या पुस्तकाची हकीकत सांगितली पाहिजे. लढाई सुरू झाली तेव्हा माथेरानच्या एका गोऱ्या साहेबाने बंगला मोडला आणि तो फौजेत गेला. सामानाचा लिलाव झाला. कुणी आरामखुर्ची घेतली, कुणी साहेबाचं रात्रीचं चिनी मातीचं भांडं फुलदाणी समजून उचललं आणि हौसेने दिवाणखान्यात मांडलं. नानांनी एक जाडजूड पुस्तक घेतलं. त्याला पुठ्ठा नव्हता, नाव नव्हतं. पण आत मोठी नवलाई होती. एक इंग्रजी शब्द घ्यायचा, आणि त्याच्या पुढे त्याच अर्थाचे सगळे भाऊबंद ओळीने उभे. नाना मॅट्रिकच्या उंबऱ्यावरून परत आलेले. त्यांना वाटलं, आपल्याला अलीबाबाची गुहाच सापडली.

एकच खोट होती. 'ए'पासून सुरू होणारे शब्द वाळवीने फस्त केले होते. त्यामुळे 'आस्क', म्हणजे मागणे किंवा विचारणे, हा इंग्रजांच्या पोरासोरांनाही येणारा शब्द नानांना त्या पुस्तकात कधी भेटलाच नाही. मागण्यासाठी त्यांना पहिला शब्द सापडला तो थेट 'बेग', म्हणजे भीक मागणे. जो माणूस सुरुवातच भिकेपासून करतो तो पुढे कुठवर जाईल, याचा अंदाज करा.

नानांनी त्या सगळ्या शब्दांची चढण लावून टाकली होती, आणि ती त्यांनी आमच्या रेल्वेच्या घाटावर बसवली होती. मी कर्जत स्टेशनात तिकीटबाबू, म्हणून मला ती नेहमी ऐकवत. "मेहुणे, रिक्वेस्ट म्हणजे नेरळ. सपाटी आहे. तिथे काही कष्ट नाहीत. बेग म्हणजे कर्जत. इथून मागे जादा इंजिन लावावं लागतं. एन्ट्रीट म्हणजे ठाकुरवाडी. बिसीच म्हणजे त्याच्याही वर, बोगद्यातला. आणि इम्प्लोअर म्हणजे खंडाळा, तिथे माणसाला धाप लागली पाहिजे." मी म्हणालो, "आणि लोणावळा?" नाना डोळे मिटून म्हणाले, "सप्लिकेट. त्यात गुडघे टेकल्याचा अर्थ आहे. तो अजून कुणावर खर्च केला नाही."

गंमत अशी की अर्ज देणारा मराठी, लिहिणारा मराठी, आणि वाचणारे मामलेदार तर अस्सल सदाशिव पेठी. तरीही अर्ज इंग्रजीतच हवा. मराठीत लिहिलेला कागद शिरस्तेदार टाचणीला लावून ठेवी. इंग्रजी कागद आला की खुर्ची सरकवून घेई, कारण समजला नाही तर तशी कबुली देता येत नसे. त्रेचाळीस साली साखर, रॉकेल, कापड सगळ्यालाच परवाना लागू लागला, आणि नानांच्या चिंचेखाली जत्रा भरायला लागली.

त्यात शेलूच्या भागूबाईची म्हैस नानांना फळली. भागूबाई ही कुणब्याची विधवा, तिची म्हैस राखीव रानात चरली म्हणून गार्डाने कोंडवाड्यात घातली. नानांनी दोन पानं भरून 'बिसीच' केलं. म्हशीचं अनाथ रेडकू, बाईचं वैधव्य, बादशहाची न्यायबुद्धी, सगळं त्यात आलं. कागद आत गेला तेव्हा मी तिथेच होतो. मामलेदारांनी पहिलं पान पाहिलं, दुसरं उलटलं, चष्मा पुसला, आणि शिपायाला विचारलं, "सखा, काय म्हणणं आहे या बाईचं?"

सखा म्हणाला, "रावसाहेब, म्हस सोडा म्हनतेय."

"मग सोड."

पण भागूबाईला आतलं काय ठाऊक! तिने शेलूभर सांगितलं, "नानाचा बिशीच लई कडक हाय गं! एका कागदात म्हस सुटली." तेव्हापासून लोक शब्द सांगूनच अर्ज मागायला लागले. "नाना, आमाला भागूबाईवाला घाला." मी नानांना सखाचं म्हणणं सांगून पाहिलं. ते म्हणाले, "सखाने सांगितलं ते बिसीचचं सार." मी विषय सोडून दिला. बहिणीचा नवरा दुखऱ्या दाताइतका जपावा लागतो.

आता माझ्या बहिणीकडे येतो. द्वारकाताई माझ्याहून मोठी. आमचं घर लोधिवलीचं, चौक गावाजवळ. आप्पा, म्हणजे आमचे वडील, कचेरीत जन्मभर बारनिशी कारकून होते. आलेल्या प्रत्येक कागदावर आवक क्रमांक घालायचा आणि तो पुढे सरकवायचा, हे त्यांचं काम. ताईची मुलगी सुनीती पुण्याला मावशीकडे शिकत होती. म्हणजे कर्जतच्या घरात राहणारी दोनच माणसं, नाना आणि ताई.

आणि त्या घरात नाना काय बोलत? नामं बोलत. "पाणी." "टॉवेल." "चहा." "पान." एक शब्द उंबऱ्यावर टाकायचा आणि झोपाळ्यावर जाऊन बसायचं. पाच मिनिटांत ती वस्तू समोर यायची. दे नाही, आण नाही, गं नाही. कचेरीत कुणाच्या रेडकासाठी खंडाळ्यापर्यंत चढणारा हा माणूस घरी नेरळलाही पोचत नसे. मला याचा फार राग यायचा. ताईला मी एकदा बोललोही. ती म्हणाली, "अरे, दिवसभर बोलून दमतात ते."

त्या वर्षी दिवाळीनंतर कर्जतला हिवतापाची साथ आली. लढाईमुळे त्यावरचं औषध, कोयनेल, मिळत नव्हतं. ताई दोन गोधड्या घेऊन पडली होती आणि दात वाजत होते. नेमकी भागूबाई म्हशीची आठवण म्हणून टोपलीभर कडवे वाल घेऊन आली. नानांनी ते पाहिले, माजघराच्या दारात उभे राहिले, आणि म्हणाले, "बिरडं."

ज्यांनी कधी केलं नाही त्यांना सांगतो, वालाचं बिरडं म्हणजे शिक्षा असते. वाल भिजवायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, मग कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा बोटांत धरून सोलायचा. ताई उठली. भिजवले, बांधले. मोड आले तेव्हा तापाची पाळी होती, तरी भिंतीला टेकून तिने एकूण एक वाल सोलला. मी नेहमीप्रमाणे माझा जेवणाचा डबा घ्यायला गेलो होतो, मी पाहिलं. म्हटलं, "ताई, राहू दे." तिने सगळे दाणे पातेल्यात घालून वर ताट झाकलं. हात धुतले. मग म्हणाली, "वाडीवरच्या सहदेवची बैलगाडी लोधिवलीला जायची आहे ना आज? त्याला इकडून जायला सांग."

चूल तिने पेटवलीच नाही.

नाना संध्याकाळी घरी आले आणि झोपाळ्यावर बसून म्हणाले, "चहा." बऱ्याच वेळाने पुन्हा म्हणाले. मग आत जाऊन पाहिलं तर घरात पातेलं तेवढं होतं. ते वाल पुढे आंबले, शेजारीण वास आला म्हणून ओरडत आली, तेव्हा बाहेर टाकले गेले.

पहिले काही दिवस नाना ताठ होते. "माहेरी विश्रांतीला गेली आहे" असं सांगत. खाणावळीत जेवत. सदरा चुरगळलेला, धोतराला शाई. बायको रुसून गेली तर नवऱ्याने बोलावण्याशिवाय सासुरवाडीला जाऊ नये, अशी आमच्यात मोठी ऐट. आणि बोलावणं पाठवायची ताईला काय गरज पडली होती? मग एका सकाळी तिकिटाच्या खिडकीतून एक लखोटा आत आला. मागे नाना. "मेहुणे, रविवारी घरी जाल तेव्हा आप्पांना द्या."

लखोट्यात अर्ज होता. खराखुरा, इंग्रजीत, सुवाच्य अक्षरात. वर 'प्रति, परमपूज्य श्वशुर, मुक्काम लोधिवली'. विषय, 'पत्नी परत पाठवण्याबाबत'. खाली 'आपला अत्यंत नम्र सेवक'.

आप्पांना इंग्रजी येत नव्हतं, पण कागद कळत होता. त्यांनी सवयीने वर तारीख घातली, डाव्या समासात तिरका शेरा मारला, 'संबंधितास वाचून दाखवावे', आणि तो माझ्याकडे सरकवला. मी माजघरात गेलो. ताई आता बरी होती, तांदूळ निवडत होती.

"काय लिहिलंय?"

"तुला परत पाठवावं अशी विनंती केली आहे."

"कुणाला?"

"आप्पांना."

"मग आप्पांनी जावं," ताई म्हणाली, आणि तिने खडा उचलून दारातून फेकला.

मी हे उत्तर नानांना शब्दशः दिलं. नाना विचारात पडले. चुकीच्या अधिकाऱ्याकडे अर्ज गेला की तो फेटाळला जातो, हे त्यांना पटत होतं. पुढच्या आठवड्यात दुसरा अर्ज आला. तो थेट ताईच्या नावे, पण 'वडिलांमार्फत'. आणि यात त्यांनी घाट चढला होता. रिक्वेस्ट, सॉलिसिट, बेग, एन्ट्रीट, बिसीच. एक शब्द दोनदा आला असेल तर शपथ. खालच्या ओळीत इम्प्लोअर उभा होता, धापा टाकत.

ताई म्हणाली, "एकेक सांग. घाई करू नकोस."

मी काही पंडित नाही. तिकिटं फाडणारा माणूस. तरी जमेल तसं सांगत गेलो. "हा शब्द म्हणजे विनंती. हा म्हणजे याचना. हा मनधरणी. हा आर्जव. हे म्हणजे काकुळतीला येणं. आणि हे शेवटचं, गयावया म्हण, पदर पसरणं म्हण."

ताईचा हात सुपात थांबला. "एवढं सगळं आपल्यातसुद्धा आहे?"

"आहे की."

"मग इतकी वर्षं घरात यातलं एक कसं सापडलं नाही रे?" तिचा आवाज चिरकला. माझी बहीण रडणारी नव्हे, म्हणून मला ते जास्तच लागलं. मग ती म्हणाली, "त्यांना सांग, हे सगळं नको. यातला एक आणा. जड होत असेल तर हलका आणा. पण मराठीतला, आणि स्वतःच्या तोंडाने."

सोमवारी मी चिंचेखाली जाऊन निरोप सांगितला. नानांनी आजूबाजूला पाहिलं, पक्षकारांना लांब बसवलं, आणि मला हळू आवाजात म्हणाले, "मेहुणे, तुम्ही नोकरदार, तुम्हाला यातलं कळायचं नाही. इंग्रजीत मागितलं की त्याचा अर्ज होतो. मराठीत मागितलं की ती भीक होते. टिपणिसाने स्वतःच्या बायकोपुढे भीक मागायची?"

"मग काय करणार?"

नानांनी मांडीवरचं पुस्तक उघडलं. "लोणावळा," ते म्हणाले. "सप्लिकेट वापरणार."

"गुडघे टेकणार?"

"कागदावर. ते बसूनही टेकता येतात."

मला असं वाटलं की ती दौत उचलावी आणि त्यांच्या टाळूवर ओतावी. पण पाहिलं तर माणूस वाळला होता. गळ्याशी सदऱ्याचं बटण नव्हतं, तिथे टाचणी लावली होती, कागदाला लावतात ती. शिव्या घशाशी आल्या होत्या त्या मी गिळल्या.

तिसरा अर्ज मी आप्पांना दिला. आप्पांनी या वेळी तो ताईला दाखवला नाही. चाळीस वर्षं कागद सरकवलेल्या त्या म्हाताऱ्याने टाक घेतला आणि आयुष्यात पहिल्यांदा शेवटचा शेरा स्वतः मारला. 'अर्जदाराने समक्ष हजर व्हावे.'

हा शेरा मोडणं नानांच्या रक्तात नव्हतं. सासऱ्याच्या साध्या बोलावण्यावर ते बायकोचं नव्हे म्हणून नाना अडून बसले असते, पण समक्ष हजर व्हा म्हटल्यावर अर्जनवीस जागचा उठतोच. रविवारी सहदेवच्या गाडीतून आम्ही दोघे निघालो. सहदेव हा कर्जतजवळच्या वाडीतला शेतकरी, रॉकेलच्या परवान्यासाठी नानांकडे येणारा, तोंडाने फटकळ. वाटेत नाना ओठांतल्या ओठांत काहीतरी घोकत होते. सहदेव मागे वळून म्हणाला, "नाना, मंत्र म्हनताय व्हय? देवीचं काम हाय का भुताचं?"

"गाडी पुढे बघून हाक," नाना म्हणाले.

लोधिवलीला आप्पा ओटीवर होते. "या, जावईबापू," म्हणाले. पाणी झालं. चहा झाला. भाताचं पीक झालं, ब्रह्मदेशातली लढाई झाली, चौकच्या बाजारात वाल महागले तेही झालं, आणि तिथे नाना एकदम गप्प झाले. ताई माजघराच्या दारात येऊन उभी राहिली. चौकटीला हात लावून, डोक्यावरचा पदर सारखा करून.

नानांनी घसा खाकरला. "घर," ते म्हणाले.

"घराचं काय?" ताईने विचारलं.

नानांच्या कपाळावर घाम आला. सहदेव बैलांना पेंढा टाकून ओटीच्या पायरीवर टेकला होता, त्याच्याने राहवेना. "नाना, मामलेदाराफुडं कागदावर लोळन घेता तुमी, आन् हितं दातखीळ बसली व्हय?"

"तू गप रं," मीच त्याला दटावलं.

"घरी," नाना म्हणाले. मग म्हणाले, "घरी चल."

"हा हुकूम झाला," आप्पा भिंतीकडे बघत म्हणाले.

मी नानांना कधी असं पाहिलं नव्हतं. ते उठले. उपरणं हातात घेतलं, पुन्हा खांद्यावर टाकलं. एवढ्या शब्दांचा मालक तो, पण आता त्यांच्या तोंडाला नुसती कोरड पडली होती. ताईकडे ते बघत नव्हते, तिच्या पायांपाशी कुठेतरी बघत होते. मग मान वर केली आणि अगदी बारीक, मुंजीतल्या मुलाने भिक्षा मागावी तशा आवाजात म्हणाले, "द्वारके, घरी येतेस का?"

मला वाटलं झालं, सुटलो. मी ताईची ट्रंक कुठे आहे ते मनात आठवायला लागलो. आप्पांनीही सुपारीचा डबा पुढे ओढला.

"नाही," ताई म्हणाली.

शांतपणे म्हणाली. रागाने नाही, रडून नाही. नानांनी तिच्याकडे असं पाहिलं, की हा शब्द त्यांनी आजवर ऐकलाच नसावा. आणि खरंच, कचेरीत लोकांच्या अर्जांना सरकारकडून रोज नकार यायचे, पण ते भागूबाईला आणि सहदेवला यायचे. नानांना कुणी नाही म्हटलं नव्हतं, कारण नानांनी कुणाला काही विचारलंच नव्हतं. विचारायचं म्हणजे समोरच्याला नाही म्हणायची मोकळीक द्यायची, हे त्यांच्या पुस्तकात कुठे लिहिलेलं नव्हतं.

आता हा माणूस चपला घालून चालू लागणार, आणि माझ्या बहिणीचा संसार इथेच संपणार, अशी माझी खात्री झाली. नाना खरंच पायरीपर्यंत गेले. एक चप्पल पायात घातली. दुसरी तशीच राहिली. मग वळले.

"बरं," म्हणाले. आणि थोडं थांबून, "मग पुन्हा केव्हा विचारायला येऊ?"

आप्पांच्या हातातला अडकित्ता थांबला. ताईने ओठ दाबून धरले, पण डोळे भरून आलेच. तिने ते पुसले नाहीत.

"पुढच्या रविवारी या," ती म्हणाली. "राग धरू नका. जन्मात पहिल्यांदा कुणी मला काही विचारलंय. लगेच हो म्हणून ते संपवू कशी?"

नाना पुढच्या रविवारी आले.